चिमटींतली वीज

वीज म्हटली कीं जाळपोळीची कल्पना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. वळवाच्या पावसांत माडावर वीज कोसळली, तर उभा माड क्षणांत पेटतो. कारखान्यांत लोखंड सांधणाऱ्या कारागिराच्या हातांतील ठिणगी इतकी प्रखर असते कीं काळ्या कांचेआडून पाहिल्याखेरीज डोळे शाबूत राहावयाचे नाहींत. असें असतां जर्मनींत २०१३ सालीं वैद्यकीय वापरास मान्यता मिळालेलें एक उपकरण अगदीं निराळा देखावा दाखवितें. हें उपकरण जाडशा टांकाएवढें असून वैद्याच्या हातांत सहज मावतें. त्याच्या टोंकांतून जांभळट निळी, काडीसारखी बारीक ज्योत बाहेर आलेली असते, आणि महिनोन्महिने भरून न येणाऱ्या जखमेवरून वैद्य ती ज्योत सावकाश फिरवितो. ह्या ज्योतीला तेल लागत नाहीं कीं जळाऊ वायु लागत नाहीं. ती शुद्ध विजेची आहे, आणि उघड्या हवेंत तेवत आहे. तरी रोग्याची कातडी भाजत नाहीं. कोमट वाऱ्याची झुळूक लागावी, एवढेंच त्याला जाणवतें.

ह्या ज्योतीला शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लाझ्मा म्हणतात. ज्याची लांबी, रुंदी किंवा जाडी यांपैकीं निदान एक माप एका मिलिमीटरच्या आंत आहे, असा प्लाझ्मा तो सूक्ष्म प्लाझ्मा, अशी साधारण व्याख्या आहे. गेल्या तीसेक वर्षांत ह्या विषयाची स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. हा व्याप समजून घ्यावयाचा तर प्लाझ्मा म्हणजे काय येथूनच आरंभ केला पाहिजे.

पाण्याला उष्णता दिली कीं वाफ होते, हें स्वयंपाकघरांतील ज्ञान झालें. वायूला त्याहून पुष्कळ अधिक शक्ति दिली, तर त्याचे अणुच फुटूं लागतात. अणूच्या भोंवतालच्या विद्युत्कणांपैकीं, म्हणजे इलेक्ट्रॉनांपैकीं, एखादा सुटून मोकळा होतो आणि मागें उरलेला अणु धनविजेनें भारलेला राहतो. अशा मोकळ्या विद्युत्कणांचें व भारलेल्या अणूंचें मिश्रण ज्या वायूंत आहे तो प्लाझ्मा. इंग्लंडांतील विल्यम क्रुक्स यांनीं १८७९ सालीं पदार्थाच्या ह्या चौथ्या अवस्थेकडे लक्ष वेधलें, आणि अमेरिकेंतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं १९२८ सालीं तिला प्लाझ्मा हें नांव दिलें. रक्तांतील द्रवाला वैद्यकांत हेंच नांव आधींपासून असल्यामुळें हें बारसें फारसें सोयीचें झालें असें म्हणवत नाहीं. पण रूढ झालेलें नांव आतां कोण बदलणार? सूर्य हा प्लाझ्मा, आकाशांतील वीज हा प्लाझ्मा, आणि गेल्या पिढीच्या घराघरांत उजेड देणाऱ्या लांब पांढऱ्या नळीच्या पोटांतही प्लाझ्माच असे.

त्या पांढऱ्या नळीचेंच उदाहरण घेऊं. पेटलेल्या नळीला हात लावला तर ती नुसती कोमट लागे. वास्तविक तिच्या आंत धांवणाऱ्या विद्युत्कणांचें तपमान सुमारें दहा हजार अंश असे. एकाच नळींत एक पदार्थ दहा हजार अंशांवर आणि दुसरा कोमट, हें कसें? रबरी चेंडू दगडी भिंतीवर आपटला तर चेंडू जवळजवळ त्याच वेगानें परत येतो आणि भिंत जागची हालत नाहीं. विद्युत्कण हा त्या चेंडूसारखा आहे. हेलियमसारख्या हलक्या वायूचा अणुसुद्धां विद्युत्कणाच्या सात हजारांहून अधिक पट जड असतो. त्यामुळें विद्युत्कण कितीही आपटले तरी एकेका टकरींत ते आपल्या शक्तीचा अगदीं क्षुल्लक अंश अणूला देतात. विद्युत्कण तापलेले आणि वायु थंड, अशी ही विषम स्थिति. आणि सूक्ष्म प्लाझ्माची सारी उपयुक्तता ह्या विषमतेंतच आहे. तापलेले विद्युत्कण रेणु फोडण्याचें, प्रकाश उत्पन्न करण्याचें काम करतात, आणि वायु थंड असल्यामुळें शेजारची वस्तु मात्र जळत नाहीं.

परंतु क्षुल्लक अंशही पुष्कळ वेळां दिला तर क्षुल्लक राहत नाहीं. त्या नळींतील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारें तीनशेंव्या हिश्श्याएवढाच असे, म्हणून टकरी बेतानें होत. बाहेरच्या हवेंत एका घन सेंटिमीटरमध्यें २५ वर अठरा शून्यें इतके रेणु दाटलेले असतात. तेथें विद्युत्कणांच्या इतक्या टकरी होतात कीं थेंबे थेंबे तळें सांचून वायु तापूं लागतो. जेथें तो थोडा अधिक तापतो तेथें तो विरळ होतो. विरळ जागेंतून वीज अधिक सुलभतेनें वाहते. अधिक वीज वाहिली कीं ती जागा आणखी तापते. पैसा पैशाकडे जातो म्हणतात, तसाच हा प्रकार. शेवटीं सगळी वीज एकाच अरुंद वाटेनें धांवूं लागते, आणि लोखंड वितळविणारी प्रखर कमान उत्पन्न होते. प्लाझ्मा थंड ठेवावयाचा तर नळींतील हवा पंपानें काढून टाकली पाहिजे, असें मानलें जाई तें ह्याच कारणामुळें.

ह्या अडचणींतून वाट काढली ती केवळ लहानपणानें. शेगडींतील निखाऱ्यांची रास तासन्‌तास धगधगते; पण त्यांतलाच एक बारीक निखारा चिमट्यानें उचलून फरशीवर ठेवला तर पाहतां पाहतां काळा पडतो. वस्तु जितकी लहान तितकें तिच्या आकारमानाच्या मानानें पृष्ठभागाचें प्रमाण मोठें, आणि उष्णता जाते ती पृष्ठभागांतूनच. एक सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या जागीं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा गोळा घेतला, तर हें प्रमाण शंभर पट वाढतें. प्लाझ्माला इतक्या चिंचोळ्या जागेंत कोंडलें कीं वायु तापण्यापूर्वींच त्याची उष्णता भोंवतालच्या भिंतींत निघून जाते, आणि ती पैसा पैशाकडे जाण्याची क्रिया मूळ धरण्यापूर्वींच खुंटते.

दुसरा लाभ फ्रीडरिश पाशेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ सालींच दाखवून ठेविला होता. दोन धातूंच्या तुकड्यांमधील वायूंतून ठिणगी पडण्यास किती व्होल्टचा दाब लागेल, हें वायूच्या दाबावर एकट्यानें किंवा अंतरावर एकट्यानें ठरत नसून त्या दोहोंच्या गुणाकारावर ठरतें, असा त्याचा नियम आहे. ह्याचा अर्थ असा कीं अंतर शंभर पटींनीं कमी केलें तर दाब शंभर पटींनीं वाढविला तरी चालतो. एक सेंटिमीटर अंतर आणि हवेच्या दाबाचा शंभरावा हिस्सा, ह्याऐवजीं मिलिमीटरचा दहावा भाग अंतर आणि पूर्ण हवेचा दाब! पंप गेला, निर्वात नळी गेली, कांचेचा खटाटोप गेला. आंकड्यांत सांगावयाचें तर उघड्या हवेंत एक सेंटिमीटर अंतर तोडून जाण्यास विजेला सुमारें ३०,००० व्होल्ट लागतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाला हजाराच्या आंतबाहेर पुरतात. आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात तसे सात-आठ मायक्रॉन अंतर ठेविलें तर सुमारें ३३० व्होल्टच लागतात. ह्याहूनही अंतर कमी करीत गेलें तर नियमाप्रमाणें व्होल्ट पुन्हां वाढावयास हवेत, कारण विद्युत्कणांना धडकावयास पुरेसे रेणुच वाटेंत भेटत नाहींत. प्रत्यक्षांत तेथें धातूंतूनच विद्युत्कण ओढले जाऊं लागतात व हिशेब बिघडतो; पण तें प्रकरण येथें वाढविण्याचें कारण नाहीं.

नियम १८८९ चा, आणि शाखा मात्र एका शतकानंतरची, असें कां झालें? केसाच्या जाडीएवढी भोंकें हजारोंनीं, एकसारखीं व स्वस्तांत पाडण्याची कला तोंपर्यंत माणसाच्या हातीं नव्हती, हें त्याचें मुख्य कारण. तरी सूक्ष्म प्लाझ्मा नकळत पूर्वींच निर्माण होत होता. वेर्नर फॉन सीमेन्स यांनीं १८५७ सालीं ओझोन वायु तयार करण्याचें यंत्र केलें. त्यांत विजेच्या वाटेंत कांचेची भिंत आडवी घातलेली होती. वीज आली कीं कांचेवर विद्युद्भार सांचतो, सांचलेला भार येणाऱ्या विजेला अडवितो, आणि ठिणगी कांहीं अब्जांश सेकंदांत आपोआप विझते. पुढें विजेची दिशा उलटली कीं पुन्हां ठिणगी, पुन्हां विझणें. डोळ्यांना तेथें मंद जांभळा उजेड दिसतो. वास्तविक तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीच्या असंख्य ठिणग्यांचा पाऊस असतो. फ्रान्सांतील नीस शहराचें पिण्याचें पाणी १९०६ सालापासून ओझोननें शुद्ध होऊं लागलें तें ह्याच जातीच्या यंत्रांच्या बळावर.

ह्या विद्येचें पुढील घर अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठ. तेथें १९६४ सालीं डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनीं संगणकाच्या साहाय्यानें मुलांना शिकविण्याच्या प्लेटो नांवाच्या योजनेसाठीं एक नवा पडदा तयार केला. त्या काळीं संगणकाची स्मरणशक्ति अत्यंत महाग होती. ह्या तिघांनीं दोन कांचांच्या मधें वायूचे बारीक कप्पे केले. भिंतीवर सांचणाऱ्या विद्युद्भारामुळें प्रत्येक कप्पा आपण पेटलेला आहों कीं विझलेला हें स्वतःच लक्षांत ठेवी, आणि संगणकाला पुनःपुन्हां सांगण्याचे श्रम पडत नसत. शाळेच्या पाटीची गरज भागविण्यासाठीं निघालेली ही युक्ति पुढें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. प्लाझ्मा टेलिव्हिजन म्हणून जे रुंद पडदे एके काळीं मिरविले गेले, त्यांपैकीं उत्तम प्रतीच्या एका पडद्यांत ६२ लक्षांहून अधिक कप्पे असत, आणि प्रत्येक कप्पा एक स्वतंत्र सूक्ष्म प्लाझ्मा असे. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं तो पडदा असेल. त्याची पाठ तापते अशी तक्रारही त्यांना आठवत असेल. वीज अधिक खाणें आणि वजन भारी असणें ह्या दोन दोषांपायीं द्रवस्फटिकांच्या पडद्यांनीं त्याला मागें टाकलें, आणि २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या कारखानदारांनीं त्याचें उत्पादन बंद केलें.

येथेंच कथा संपली असती. पण दरम्यान १९९६ सालीं व्हर्जिनियांतील ओल्ड डोमिनियन विद्यापीठांत कार्ल शोनबाख व त्यांचे सहकारी यांनीं धातूच्या पातळ पत्र्यांना सुईच्या टोंकासारखें भोंक पाडून त्यांत उच्च दाबाच्या वायूचा प्लाझ्मा स्थिर ठेवून दाखविला होता. त्याच सुमारास इलिनॉयमध्यें गॅरी ईडन यांनीं संगणकाच्या सिलिकॉन चकतींतच असे खळगे कोरण्यास आरंभ केला. पुढें त्यांच्या मंडळींनीं एका चकतीवर ५०० ओळी व प्रत्येक ओळींत ५०० खळगे, म्हणजे एकूण अडीच लक्ष प्लाझ्मा एकदम पेटविले. हें बोलावयास सोपें आहे. खळगे एकमेकांना जोडले असतां जो एक आधीं पेटतो तोच सगळी वीज ओढून घेतो व शेजारी उपाशी राहतात. ह्यास्तव प्रत्येक खळग्यावर अवरोधक थर देऊन त्याचा वांटा बांधून द्यावा लागतो. सिलिकॉन महाग पडतो म्हणून ईडन व सुंग-जिन पार्क यांनीं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा उपयोग केला. पत्र्यावर रासायनिक क्रियेनें त्याच धातूच्या ऑक्साइडचा कठीण थर चढतो, आणि तोच विजेला अडविणारी भिंत होतो. स्वस्त पत्रा, परिचित क्रिया. बुद्धीचें काम असें असावें.

अशा पत्र्यांपासून सपाट दिवे करावे, त्यांत विषारी पारा नसावा, आणि जुन्या पांढऱ्या नळ्यांची जागा त्यांनीं घ्यावी, अशी आशा होती. ती फळली नाहीं. एलईडी दिव्यांनीं दोन्हींना बाजूस सारलें. पडदा गेला, दिवाही गेला. तरी ज्या गुणामुळें सूक्ष्म प्लाझ्मा दुसऱ्या कोणाला हार जात नाहीं तो गुण आतां कोठें प्रयोगशाळांच्या नीट लक्षांत येऊं लागला आहे. तो गुण म्हणजे दाटीवाटीच्या हवेंत थंडपणें रसायनक्रिया घडविणें.

ओझोनचेंच पाहा. विद्युत्कणाच्या आघातानें ऑक्सिजनचा रेणु फुटतो, आणि सुटलेला अणु दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटून ओझोन होतो. परंतु ह्या विवाहाला साक्षीदार लागतो. जुळतांना निर्माण होणारी जास्तीची शक्ति उचलून नेणारा तिसरा रेणु त्याच क्षणीं जवळ नसेल, तर जमलेली जोडी तत्काळ मोडते. निर्वात नळींत साक्षीदार दुर्मिळ. पूर्ण दाबाच्या हवेंत मात्र ते पदोपदीं हजर. पुन्हां ओझोन उष्णतेनें नासतो, तेव्हां वायु थंडही हवा. दाटी आणि थंडी ह्या दोन्ही अटी एकदम पाळणारी जागा म्हणजे हे बारीक खळगे. म्हणून आतां केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्या पत्र्यांत कोरून लहान ओझोनयंत्रें करण्याकडे लक्ष लागलें आहे. एखाद्या वस्तीला किंवा एखाद्या इस्पितळाला पुरेसें पाणी शुद्ध करावयास सीमेन्सच्या पद्धतीचीं अवजड यंत्रें नकोत, हा त्यांतला मुद्दा.

ओहायोंतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांत मोहन संकरन व सहकारी यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर ऐकणाऱ्यास भुरळ घालील. अल्कोहोलची वाफ आर्गॉन वायूबरोबर सूक्ष्म प्लाझ्मांतून नेली असतां पलीकडे जी काजळी मिळाली तींत दोन ते पांच नॅनोमीटर आकाराचे हिऱ्याचे कण सांपडले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. तेव्हां सराफाकडे धांवण्याची घाई कोणी करूं नये. तथापि पृथ्वीच्या पोटांतील प्रचंड दाबाशिवाय, नेहमींच्या हवेच्या दाबांत हिरा बनला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां जखमांविषयीं. ह्या बाबतींत ऐकीव गोष्टींचा सुळसुळाट फार, म्हणून थोडें थांबून पाहिलें पाहिजे. टांकासारख्या उपकरणांतून निघणारी ज्योत डोळ्यांना अखंड दिसते. पण अतिशय जलद छायाचित्रें घेतल्यावर २००५ च्या सुमारास असें आढळलें कीं ती अखंड नसून, सेकंदाला दहा किलोमीटर व त्याहूनही अधिक वेगानें एकामागून एक सुटणाऱ्या गोळ्यांची ती माळ आहे. हे गोळे हवेशीं मिसळतांना नायट्रिक ऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड इत्यादि क्रियाशील द्रव्यें उत्पन्न करतात, आणि जंतूंवर आघात होतो तो त्यांचा. जर्मनींतील गार्चिंग येथें माक्स प्लांक संस्थेची जी शाखा अंतराळांतील पदार्थांचा अभ्यास करते, तिच्या लोकांनीं डॉक्टरांबरोबर ३६ रोग्यांवर प्रयोग केला व तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. रोज पांच मिनिटें आर्गॉन प्लाझ्मा दिलेल्या जखमांतील जंतु ३४ टक्क्यांनीं घटले. ताऱ्यांचा अभ्यास करणारांनीं पायावरच्या व्रणाकडे वळावें ह्यांत नवल वाटेल; पण प्लाझ्मा दोन्हीकडे एकच.

मात्र जंतु घटणें वेगळें आणि जखम भरून येणें वेगळें. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें अधिक चांगलें उत्तर २०२० सालीं जर्मनींतूनच आलें. मधुमेहामुळें पायाला झालेल्या जखमांचे चाळीसवर रोगी घेऊन कांहींच्या जखमांवर खरा प्लाझ्मा आणि कांहींच्या जखमांवर नुसता दिखाऊ उपचार करण्यांत आला. आपणांस काय मिळालें हें रोग्यांना सांगितलें नव्हतें. प्लाझ्मा मिळालेल्या जखमा लवकर आकसल्या. पण जंतुसंसर्गाच्या बाबतींत दोन्ही गटांत लक्षांत घेण्यासारखा फरक दिसला नाहीं. म्हणजे उपाय लागू पडला, पण ज्या कारणानें लागू पडतो असें मानलें जात होतें तें कारण खरें असेलच असें नाहीं! तो कदाचित् शरीराच्या स्वतःच्या भरून काढण्याच्या शक्तीला डिवचीत असावा, अशा दिशेनें सध्यां शोध चालूं आहे. ज्या घरांत मधुमेहाचा रोगी आहे त्या घराला पायाच्या जखमेची धास्ती काय असते हें सांगावयास नको. तेव्हां चाळीस रोग्यांचा पुरावा आशा धरण्यास पुरेसा आहे, पण चालूं औषध सोडून देण्यास मुळींच पुरेसा नाहीं.

शेवटचें क्षेत्र जंबुपार किरणांचें, म्हणजे जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य प्रकाशाचें. पाऱ्याच्या दिव्यांतून २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा जो जंबुपार प्रकाश निघतो तो जंतु मारतो, पण माणसाची कातडी व डोळेही दुखावतो; म्हणून तो माणसें नसलेल्या खोलींतच लावावा लागतो. क्रिप्टॉन आणि क्लोरीन यांच्या सूक्ष्म प्लाझ्मांतून २२२ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो. क्रिप्टॉन हा एरवीं कोणाशीं संबंध न ठेवणारा विरक्त वायु. परंतु विद्युत्कणाचा धक्का बसला कीं तो क्लोरीनशीं जुळतो, हा संसार कांहीं अब्जांश सेकंद टिकतो, आणि मोडतांना हा प्रकाश बाहेर पडतो. येथेंही साक्षीदार लागतो, म्हणून येथेंही दाटी हवी. हा प्रकाश प्रथिनांत इतका चटकन शोषला जातो कीं कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे किंवा डोळ्यावरील अश्रूंच्या पटलापलीकडे तो फारसा पोंचत नाहीं. उलट जंतु इतके लहान कीं त्यांच्या आरपार जातो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डेव्हिड ब्रेनर यांच्या मंडळींनीं २०२० सालीं सर्दीस कारण होणाऱ्या दोन कोरोना विषाणूंना तुषारांच्या रूपानें ह्या प्रकाशांतून नेलें. अगदीं अल्प प्रमाणांत ९९.९ टक्के विषाणु निष्क्रिय झाले. माणसें बसलेल्या वर्गांत, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलींत हा दिवा छतावर तेवत ठेवतां येईल, अशी कल्पना ह्यांतून निघाली. ईडन यांच्या पत्र्यांच्या दिव्यांनाही अखेर येथेंच काम मिळालें. तळहाताएवढे सपाट दिवे आज ह्याच प्रकाशासाठीं तयार होतात.

पण जो प्रकाश विषाणु मारतो तो हवेंतील ऑक्सिजनचाही थोडा भाग फोडतो, आणि मग पूर्वीं सांगितलेला विवाह उघड्या खोलींतच लागूं लागतो. पाण्याच्या टाकींत जो ओझोन मित्र, तो फुप्फुसांत शत्रु. घरांतील वैद्यकीय उपकरणामुळें हवेंत सांचणाऱ्या ओझोनला अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें घातलेली मर्यादा दहा लक्ष भागांत ०.०५ भाग इतकी आहे. हवा खेळती असलेल्या खोलींत ही मर्यादा सांभाळणें अवघड नाहीं. खिडक्या बंद करून वातानुकूलित केलेल्या लहान खोलींत मात्र हिशेब करूनच दिव्यांची संख्या ठरवावी लागते. हवा शुद्ध करणारा प्लाझ्मा म्हणून बाजारांत जीं यंत्रें विकलीं जातात, त्यांच्या खोक्यावर जंतु किती मरतात हें ठळक अक्षरांत छापलेलें असतें. घेणाऱ्यानें दुकानदारास ओझोनचा आंकडा विचारावा, आणि तो किती मोठ्या खोलींत, खिडक्या उघड्या ठेवून कीं बंद करून मोजला, हेंही विचारावें.